सांधलेलें भांडें आणि सांधणाऱ्याचा शब्द

गेल्या एप्रिल महिन्यांत फिरतीवर असतां जालना जिल्ह्यांतील एका लहानशा वाडीवर माझा मुक्काम पडला. ज्या घरीं मी उतरलों होतों तेथें सायंकाळीं एका फुटक्या घागरीवरून वाद चालला होता. घागर पितळेची नव्हे, मातीचीही नव्हे. आठवड्याच्या बाजारांत मिळते तशी निळ्या प्लास्टिकची. गळ्याच्या खालीं चार बोटांवर तिला आडवी चीर गेली होती. म्हाताऱ्या आईचें म्हणणें, ती सांधून घ्यावी. मुलाचें म्हणणें, फेकून द्यावी. मी अशा वस्तु सांधतों हें त्या भागांतील पुष्कळांस ठाऊक आहे; म्हणून दोघांनींही आपली बाजू मजपुढें मांडली.

आई म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्हीच सांगा. धोतर फाटलं तर आपण दंड घालतो, का नवं आणतो?”

मुलगा म्हणाला, “साहेब, ही सांधायला माझा अर्धा दिवस मोडायचा. अर्ध्या दिवसाच्या मजुरीत नवी घागर येते. मग सांधण्यात शहाणपण कसलं?”

दोघांचेंही बोलणें मला पटण्याजोगें वाटलें, आणि तरी त्या दोघांपैकीं कोणालाही लगेच होकार देण्यास माझें मन धजेना. वरवर पाहतां हा प्रश्न काटकसरीचा दिसतो. दोन आणे वांचतात कीं चार आणे जातात, एवढाच. मीही पुष्कळ वर्षें तसाच समजत होतों. परंतु सांधणें हें काम जो करितो, त्याच्यापुढें पैशाच्या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न उभा असतो, आणि तो मला एका दुःखद प्रसंगानें दाखविला. तो प्रसंग सांगण्यापूर्वीं या पदार्थाविषयीं व त्याच्या सांध्याविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे. कारण जो हा पदार्थ ओळखीत नाहीं त्याला पुढील गोष्ट नीट समजणार नाहीं.

आपल्या गांवगाड्यांत प्रत्येक पदार्थाला त्याचा कारागीर होता. लांकडाला सुतार, लोखंडाला लोहार, चामड्याला चांभार. पितळेचें पातेलें चेपलें तर तांबट तें ठोकून देई. कल्हई उडाली तर कल्हईवाला दारापुढें भाता लावून बसे. मातीचें मडकें फुटलें म्हणजे मात्र फुटलेंच. पण तें पुन्हां मातींत जाई, आणि कुंभाराचें घर हांकेच्या अंतरावर असे. प्लास्टिक आमच्या गांवांत आलें तें एकटेंच आलें. त्याच्याबरोबर त्याचा कारागीर आला नाहीं. म्हणून तें फुटलें म्हणजे काय करावें हें वाडवडिलांपासून कोणी कोणास शिकविलेलें नाहीं. कांहीं तुकडे भंगारवाला वजनावर नेतो, कांहीं उकिरड्यावर वाऱ्यानें उडत राहतात, आणि कांहीं आमच्या आयाबहिणी चूल पेटविण्यास वापरतात. ही शेवटची चाल फार वाईट आहे. त्या धुराचा वास ज्या पोरांच्या नाकांत जातो त्यांस खोकला देऊन जातो, आणि कांहीं जातींच्या प्लास्टिकचा धूर तर खरोखर विषारी असतो. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलचीं ताटें यांवर बंदी घातली. परंतु बादली, घागर, टब, खुर्ची या वस्तु त्या बंदींत येत नाहींत, आणि त्या येऊं नयेत असेंच मला वाटतें. ज्या बाईनें पितळी घागर डोक्यावर घेऊन अर्धा कोस वाट चालली आहे, तिला विचारा. मोकळी पितळी घागरच जेथें मानेला ओझें होते, तेथें पाण्याखेरीज भांड्याचें वजन जवळजवळ नाहींसें होणें ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून प्लास्टिकला सरसकट शिव्या देणाऱ्यांत मी नाहीं.

हें प्लास्टिक एक नसून अनेक आहे, आणि त्यांत दोन मोठे भेद आहेत. लिओ बेकलंड या गृहस्थानें १९०७ सालीं जें बेकेलाइट केलें, तें भाजलेल्या विटेसारखें आहे. एकदां घट्ट झालें कीं कितीही तापवा, तें पुन्हां मऊ होत नाहीं, करपतें मात्र. विजेचीं जुनीं काळीं बटनें व कुकरच्या काळ्या मुठी बहुधा या वर्गांतल्या. दुसरें प्लास्टिक मेणासारखें आहे. तें तापविलें म्हणजे मऊ होतें, निवालें म्हणजे पुन्हां घट्ट होतें. इंग्लंडांत १९३३ सालीं एका कंपनीच्या प्रयोगशाळेंत भलताच प्रयोग चालला असतां पॉलिथिलीन नांवाचा असा मेणासारखा पदार्थ अकस्मात् हातीं लागला. पुढें १९५३ सालीं जर्मनींत कार्ल झीग्लर यांनीं त्याची अधिक कणखर जात सुलभ रीतीनें करून दाखविली, व १९५४ सालीं इटलींत ज्युलिओ नात्ता यांनीं पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केलें. या दोघांस १९६३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या घरांतील बादल्या, घागरी, टब, डबे व खुर्च्या बहुतेक याच दोन पदार्थांच्या असतात.

ते कसे ओळखावे? वस्तूच्या बुडाशीं पुष्कळदां एक लहानसा त्रिकोण व त्यांत आंकडा कोरलेला असतो. ही खूण १९८८ सालीं अमेरिकेंत सुरू झाली. २ व ४ हे पॉलिथिलीनचे दोन प्रकार, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ३ असेल तर तें नळांच्या पाइपाचें पी.व्ही.सी.; त्याला विस्तव कदापि दाखवूं नये, कारण त्यांतून निघणारी वाफ घसा व छाती जाळते. आंकडा नसेल तर एक नखाएवढा तुकडा पाण्यांत टाकावा. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पी.व्ही.सी. बुडतें. ही परीक्षा ज्यास अक्षरओळख नाहीं तोही करूं शकेल.

आतां सांधण्याची रीत. बाजारांतील डिंक, गोंद, ट्यूबांतील चिकट रस हे बादलीच्या प्लास्टिकला धरीत नाहींत. कमळाच्या पानावरून पाणी ओघळतें तसा तो रस वरच्या वर राहतो, व वाळला म्हणजे सालपटासारखा निघून येतो. दोष रसाचा नव्हे. त्या पदार्थाचें अंगच तसें आहे. म्हणून त्याला त्याच्याच उष्णतेनें जोडावें लागतें. साधनें म्हणाल तर घरांतलींच: जुनें लोखंडी उलथणें किंवा मूठ असलेली जाड सुरी, एक खिळा, पक्कड, बारीक तांब्याची तार, आणि त्याच जातीच्या फुटक्या वस्तूची कापलेली पट्टी. वीज असल्यास रेडिओ दुरुस्त करणाऱ्याजवळ असतें तसें सोल्डरिंग आयर्न फार सोयीचें.

प्रथम चिरेचीं दोन्हीं टोकें शोधावीं. नजरेस दिसतें त्याहून चीर बहुधा पुढें गेलेली असते. भांडें किंचित् वांकविलें म्हणजे खरें टोंक दिसतें. त्या टोंकाच्या पुढें तापल्या खिळ्यानें एक बारीक छिद्र पाडावें. चीर छिद्राशीं आली कीं तेथें थांबते, कारण तिच्या टोंकावर एकवटलेला ताण गोल कडेवर पसरतो. ज्यानें हें केलें नाहीं त्याचा सांधा आठ दिवसांत पुढें फाटतो. नंतर जागा राखेनें घांसून, धुवून, अगदीं कोरडी करावी. तेलाचा अंश राहिला तर सांधा धरणार नाहीं. चिरेच्या आडवे तारेचे टांके घालावे, जसे गोधडीला घालतात तसे. मग तापलेलें उलथणें चिरेवर फिरवावें. प्लास्टिक मेणासारखें चमकूं लागलें कीं पट्टीचें टोंक त्यांत दाबून वितळवावें व टांके त्याखालीं पुरून टाकावे. पॉलिथिलीन सुमारें ११० ते १३० अंश सेल्सिअसवर वितळतें, पॉलिप्रॉपिलीन सुमारें १६० अंशांवर. आमच्याजवळ मापन नाहीं. पण धूर निघूं लागला म्हणजे उलथणें फार तापलें असें समजावें व थोडें थांबावें. हें काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मुलांस दूर ठेवून करावें. दोन्हीं अंगांनीं, आंतून व बाहेरून, सांधा भरावा, आणि घाई करून पाण्यांत बुडवूं नये. आपोआप निवूं द्यावा.

पट्टी त्याच जातीची असावी असें मीं म्हटलें. पॉलिथिलीनवर पॉलिप्रॉपिलीनची पट्टी वितळविली तर दोन्हीं वितळतात, दोन्हीं एकमेकांस लागल्यासारखीं दिसतात, आणि निवाल्यावर नखानें सुटून येतात. शुभवर्तमानांतील ठिगळाचा दृष्टांत आपण सर्व जाणतां. त्यावरून येथें मी कांहीं नवा अर्थ काढीत नाहीं, एवढेंच म्हणतों कीं ज्यानें स्वतःच्या हातानें सांधण्याचें काम केलें आहे त्याला तो वाचतांना हंसूं येत नाहीं.

आतां तो प्रसंग. सात वर्षें झालीं. आमच्या शेजारीं एक विधवा बाई आपल्या नातवासह राहत असे. तिच्या लाल बादलीचा कान तुटला. म्हणजे ज्या भोंकांत लोखंडी कडी अडकते तो भाग निखळून आला. तिनें ती मजकडे आणिली. मीं वर सांगितलेल्या रीतीनें तो कान बसविला, टांके घातले, दोन्हीं बाजूंनीं पट्टी वितळवून भरली, आणि शेवटीं पॉलिश कागदानें घांसून सांधा इतका साफ केला कीं कोठें तुटलें होतें हें शोधावें लागे. बादली विहिरीच्या पाण्यानें कांठोकांठ भरून दहा वेळां उचलून पाहिली. कांहीं झालें नाहीं. मला फार धन्यता वाटली. मी तिला म्हणालों, “आजी, नव्याहून पक्की झाली. आता दहा वर्षं बघायला नको.”

तीन आठवड्यांनीं, थंडीच्या दिवसांत, सकाळीं तिनें चुलीवरचें कढत पाणी त्या बादलींत ओतलें. नऊ वर्षांचा तो मुलगा बादली उचलून न्हाणीकडे निघाला. उंबऱ्याशीं कान सुटला, आणि पाणी त्याच्या दोन्हीं पायांवर गेलें. तो बरा झाला, चालतो, खेळतो. डाव्या पावलावरची कातडी अजून आवळलेली आहे.

आजी मला एका शब्दानेंही बोलली नाहीं. उलट म्हणाली, “तुमचा काय दोष साहेब, बादलीच ती.” तिनें रागें भरलें असतें तर मला बरें वाटलें असतें. कारण तिनें दोष बादलीला दिला, आणि बादलीचा दोष कांहींच नव्हता. मेणासारखा पदार्थ उष्णतेनें मऊ होतो हें तिचें अंगच होतें, व त्या गुणावरच तर मीं तिला सांधलें होतें! थंड पाणी दहा वेळां उचलून जी परीक्षा मीं घेतली, ती कढत पाण्याची परीक्षा नव्हे हें मला ठाऊक असावयास पाहिजे होतें. ठाऊक होतेंही, परंतु त्या घटकेस तें आठवणें मला नको होतें, कारण माझें काम फार सुंदर झालें होतें.

पुढें कित्येक दिवस मीं आपल्या मनाची समजूत घालण्याचा यत्न केला. पहिली समजूत अशी कीं, मीं पैसा घेतला नव्हता. जें फुकट केलें त्याची जबाबदारी कसली? पण फुकट दिलेलें औषध चुकीचें असेल तर तें पोटांत गेल्यावर कमी अपाय करितें काय? मला तर असें दिसूं लागलें कीं, पैसे घेणाऱ्या कारागिरापाशीं गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतें, भांडें उलटेंपालटें करून पाहतें. उपकार करणाऱ्यापाशीं तें विचारीत नाहीं. तेथें विचारणें कृतघ्नपणाचें वाटतें. म्हणून फुकट काम करणाऱ्यानें न विचारतांच सांगितलें पाहिजे. दुसरी समजूत अशी कीं, कढत पाणी घालूं नये हें तिला समजावयास हवें होतें. ती रोज त्याच बादलींत, कान तुटण्यापूर्वीं, कढत पाणी घेत होती. आणि मीं तिला सांगितलें होतें कीं बादली नव्याहून पक्की झाली. तिनें माझ्या शब्दाप्रमाणेंच वर्तन केलें. तिसरी समजूत, जुनी वस्तु कधीं तरी मोडणारच, ही सर्वांत दुबळी. ती खरी आहे, पण मीं तिला तें सांगितलें नव्हतें; मीं दहा वर्षें सांगितलीं होतीं.

या विचारांत असतां एकदां अंबडच्या बाजारांत मला एक सांधणारा भेटला. हे लोक आतां पुष्कळ ठिकाणीं दिसतात. एक लहान शेगडी, दोन लोखंडी पट्ट्या, रंगीत प्लास्टिकच्या कापट्यांनीं भरलेलें पोतें, एवढा त्यांचा संसार. मी पाऊण तास त्याच्या शेजारीं बसून पाहत होतों. एका बाईनें टब आणला. त्यानें तो सांधला, पाणी घालून दाखविलें, आणि म्हणाला, “बाई, पाण्याची गॅरंटी देतो, वजनाची देत नाही. ह्याच्यात धुणं भिजवा, पण भरलेला उचलू नका.” दुसऱ्या एकानें खुर्ची आणली, तिचा मागचा पाय तडकलेला. त्यानें ती हातांतही घेतली नाहीं. तो मनुष्य रागावून म्हणाला, “चार पैसे जास्त घे.” हा म्हणाला, “पैशाचं नाही हो. माणूस बसायचा तिच्यावर.” मीं त्याला विचारलें, अशानें तुझें गिऱ्हाईक जात नाहीं काय? तो हंसला व आपल्यापुढील रांगेकडे बोट दाखवून पुन्हां कामाला लागला.

मजजवळ ग्रंथ होते, विद्यालयांतील शिक्षण होतें, आणि या माणसानें ज्या भेदावर आपला धंदा उभारला होता तो भेद माझ्या ध्यानांतच आला नव्हता. गळणार नाहीं असें म्हणणें एक, आणि तुटणार नाहीं असें म्हणणें दुसरें. सांधा पाणी अडवितो हें आपण डोळ्यांनीं पाहूं शकतों. तो ओझें किती, कोणत्या ऊन्हांत, किती महिने सोसील, हें कोणी पाहिलेलें नसतें. तेथें सांधणाऱ्याचा शब्दच काय तो असतो. आणि घेणारा मनुष्य भांड्याबरोबर तो शब्दही घरीं नेतो व त्यावर आपलीं मुलें सोडतो.

मीं सांधा घांसून साफ केला होता हें वर आलेंच आहे. त्याविषयींही माझें मत बदललें. घरांतील वस्तु नेटकी दिसावी यांत पाप नाहीं. परंतु जो सांधा दिसतो तो रोज आपली गोष्ट सांगत असतो: येथें जपून. हात लावणारा आपोआप दुसऱ्या बाजूनें धरतो. मीं तो लपविला, आणि त्या मुलाला सावध करणारी जी एकच वस्तु त्या सकाळीं तेथें असती, ती काढून टाकली. जो विकावयाच्या वस्तूचा सांधा रंग देऊन झांकतो तो लबाड आहे, हें कोणीही म्हणेल. मीं विकावयाचें म्हणून झांकलें नाहीं, मिरवावयाचें म्हणून झांकलें. त्या मुलाच्या पायाला दोहोंचें फळ सारखेंच. आतां मी सांधा खडबडीतच ठेवितों, व ज्यांत कढत पाणी घालावयाचें नाहीं त्या भांड्यावर तापल्या खिळ्यानें एक फुली करितों. बादलीचा कान पुन्हां वितळवून बसविणें तर मीं सोडूनच दिलें आहे. कांठाच्या जाड भागांत नवें छिद्र पाडून त्यांत कडी अडकवितों, आणि तेंही थंड पाण्यापुरतें.

यावर कोणी म्हणेल, इतकें भय घालावयाचें तर सांधावेंच कशाला? त्या मुलानें म्हटल्याप्रमाणें नवी आणावी. याचें उत्तर सर्वांस एकच देतां येत नाहीं. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून घागर सांधणें हें ज्याला रोज काम आहे त्याला परवडत नाहीं. ज्या म्हाताऱ्या बाईला काम मिळत नाहीं, तिचा अर्धा दिवस बाजारांत कोणी विकत घेत नाहीं, आणि तोच तिच्याजवळ आहे. त्यांतून ती एक टब वर्षभर चालवील तर तिनें तें करावेंच. मजुरीच्या हिशेबानें सर्वांचा वेळ मोजणें ही एक नवी संवय आहे व तिच्यांत थोडा गर्व आहे, असें मी त्या मुलाला म्हणालोंही. परंतु सांधावें कीं टाकावें, याआधीं एक प्रश्न राहतो: त्या सांध्याचें ओझें कोणावर येणार? जो सांधून घ्या म्हणतो तो व जो तें भांडें उचलतो तो, हे पुष्कळ घरांत निरनिराळे असतात. माझ्या प्रसंगांत सांधणारा मी, खुष होणारी आजी, आणि उचलणारा नातू.

त्या वाडीवर हें मला आठवलें, म्हणून मीं घागर प्रथम दिव्याजवळ नेली. भिंतीवर ती नेहमीं एकाच बाजूनें उन्हांत ठेवीत असावे. त्या बाजूचा निळा रंग उडून पांढुरका झाला होता. अंगठ्याच्या नखानें ओरखडा काढला तों पिठासारखी भुकटी निघाली. उन्हांतील न दिसणारे तीव्र किरण प्लास्टिकच्या आंतील लांब सांखळ्या तोडीत जातात, व अशा प्लास्टिकला कितीही सुंदर सांधा घाला, सांध्याच्या शेजारींच तें नव्यानें फुटतें. चांगल्या बाजूला चीर असती तर मीं आनंदानें सांधली असती. ही चीर पांढऱ्या बाजूलाच होती. मीं म्हाताऱ्या आईस तें दाखविलें. ती कांहीं वेळ आपल्या नखानें ओरखडे काढून पाहत राहिली.

मग मीं विचारलें, ही घागर डोक्यावर कोण घेतें? सून चुलीपुढें भाकरी थापीत होती. तिला या वादांत कोणी घेतलें नव्हतें. ती मागें न वळतांच म्हणाली, “मीच आणते.”

“चीर कधी गेली, बाई?”

“महिना झाला असंल. मी चिरंच्या खालीच भरते. म्हणून एक खेप जास्त होते.”

टँकरची जागा त्या घरापासून पाऊण मैलावर आहे, व मधली वाट खडकाची आहे. मुलगा व आई यांपैकीं कोणीही पुढें बोललें नाहीं. भाकरीचा हात थोडा वेळ थांबला होता, तो पुन्हां चालूं लागला.

जेवण झाल्यावर मीं उलथणें तापवून घागरीचा गळा चिरेसकट कापून काढला व कांठ गोल करून दिला, म्हणजे कोंबड्यांना पाणी ठेवण्यास तें भांडें चालेल. उचलावयाचें नाहीं, जागच्या जागीं भरावयाचें, एवढें सांगितलें. कापून निघालेला गळा भंगारवाल्याच्या पोत्यांत गेला. माझ्या पट्ट्यांच्या पिशवींत घेण्याजोगा तो नव्हता. बाजाराचा दिवस तीन दिवसांवर होता. दुसऱ्या दिवशीं पहाटे मी निघालों तेव्हां मुलगा सायकलीच्या दोन्हीं बाजूंस दोन कॅन बांधीत होता, आणि सून अजून निजलेली होती.